चौथा माणूस

फोटोत तिघे वादक पूर्ण होते, चौथ्याचा फक्त हात होता. मनगटाशीच चौकटीनं कापलेला, आणि पुढे डफावर पालथा ठेवलेला पंजा. खाली तीन नावं: क्लॅरिनेटवाला झीसिस, व्हायोलिनवाला थानासिस, लाउतोच्या तारा छेडणारा स्टेर्यिओस. मेनेलाओसनं ती तीनदा वाचली आणि त्याचं डोकं सणकलं.

तो हात त्याचा होता. करंगळी वाकडी, लहानपणी खेचरानं लाथ घालून मोडलेली. पंचावन्न वर्षं याच हातानं ग्रीसच्या एपिरस मुलखातली लग्नं आणि जत्रा नाचवल्या होत्या. बाकीचे तिघे कधीच गेले. एक्क्याऐंशी वर्षांचा मेनेलाओस तेवढा उरला, आणि आपल्याच मुलखाच्या संगीताच्या संग्रहालयात त्यालाच कापून टाकलं होतं. पोरबाळ नाही. तो गेल्यावर त्याचं नाव सांगणार कोण, तर ही भिंत. म्हणून तर लांब्रिनीनं, त्याच्या बायकोनं, शर्टाला कडक इस्त्री करून त्याला उद्‌घाटनाला आणलं होतं.

संग्रहालय अथेन्सहून आलेल्या इस्मिनी नावाच्या बाईच्या हातात. पोरगी वाईट नव्हती, पण शिकलेली फार. तिनं शांतपणे समजावलं, की फोटोच्याच दिवशीचं ध्वनिमुद्रण आपल्याकडे आहे, त्यात तीनच वाद्यं वाजतात. म्हणजे डफ कुणीतरी बघ्यानं सहज मांडीवर घेतला असणार.

"पुराव्याशिवाय नाव कसं लावणार, बार्बा?" वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं 'बार्बा' म्हणत तिनं विचारलं.

आता ध्वनिमुद्रण कशाचं, तर विलापाचं! आमच्याकडे जत्रेत नाचाआधी गावातल्या मेलेल्यांसाठी विलाप वाजतो, आणि त्यात डफ मुका असतो. डफवाला कातड्यावर हात दाबून बसतो, वाऱ्यानंही ते गुणगुणू नये म्हणून. शेंबडं पोरसुद्धा सांगेल हे.

"मी गप्प बसलो होतो, बाई," मेनेलाओस म्हणाला. "गप्प बसणं हेच माझं काम होतं."

ती म्हणाली, गप्प बसलेलं टेपवर ऐकू येत नाही. लांब्रिनी पुटपुटली, की पुस्तकं वाचून वाचून हिचे कान गेलेत. मेनेलाओसच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली होती. अरे, जिवंत माणूस समोर उभा आहे, आणि ही पुरावा मागते!

बाहेर अंगणात नगराध्यक्षांचं भाषण संपलं होतं. कोकरू भाजत होतं, त्सिपुरो दारूचे पेले फिरत होते. झीसिसचा नातू, तोही झीसिसच, क्लॅरिनेट घेऊन बसला होता. मेनेलाओस सरळ त्या वादकांत घुसला. त्यांचा डफवाला त्याला पाहून उठला आणि स्टूल, डफ दोन्ही देऊन बाजूला झाला. ज्येष्ठाला इथं 'का' म्हणून विचारत नाहीत.

विलाप सुरू झाला. लोकांनी टोप्या काढल्या. मेनेलाओस कातड्यावर हात दाबून बसला. मग क्लॅरिनेट वळलं आणि नाचाची चाल लागली. फेर धरला गेला, पुढे नगराध्यक्ष, हातात रुमाल.

हात उठलाच नाही.

एक फेरा झाला, दुसरा झाला. डफाशिवाय पाय पडेनात. बायका एकमेकींवर आदळल्या, नगराध्यक्षांचा पाय नगराध्यक्षांच्याच पायात आला. झीसिस त्याच्याकडे झुकला.

"बार्बा, थाप मारा ना."

"कशी मारू? तुझ्या आजोबाबरोबर चौथा माणूस नव्हताच म्हणे. भिंतीवर लिहिलंय, जाऊन वाच."

उरलेलं लांब्रिनीनं सांगितलं, अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात. झीसिसनं ऐकून घेतलं आणि क्लॅरिनेट मांडीवर आडवं ठेवलं. व्हायोलिनवाल्यानंही गज खाली केला. फेरातली माणसं हात धरून तशीच उभी राहिली. रुमाल वर धरूनच नगराध्यक्षांनी इस्मिनीला विचारलं, काय प्रकार आहे हा?

सगळं अंगण तिच्याकडे बघत होतं. ती लाल झाली. म्हणाली, चूक माझीच, पुढच्या महिन्यात पाटी बदलते.

"मग नाचही पुढच्याच महिन्यात," मेनेलाओस म्हणाला.