बाबांचं अर्धं वाक्य

मी वाचायला शिकले ती चळवळीच्या पत्रकांवर. बाबा दर रविवारी मुलुंडच्या आमच्या खोलीत पत्रकांचे गठ्ठे आणायचे आणि मी घड्या घालता घालता मोठ्याने वाचायचे. ज्यांना कुणी बोलू देत नाही त्यांचं ऐका, असं त्यात हमखास असायचं. आता तशी पत्रकं मीच लिहिते.

गेल्या वर्षी बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. हातपाय सावरले, पण शब्द सापडायला वेळ लागू लागला. ते म्हणायचे, "मला जरा ते..." आणि मी लगेच, "चहा? चष्मा? पेपर?" बहुतेक वेळा माझं बरोबर यायचं आणि त्याचा मला अभिमान वाटायचा. स्पीच थेरपिस्ट बाईंनी बजावलं होतं, "वाक्य त्यांचं त्यांना पुरं करू द्या." पण मला कायम कुठल्या तरी सभेला पोचायचं असायचं.

परवा चळवळीतले बाबांचे एक जुने सोबती, मी ज्यांना काका म्हणते, घरी आले आणि बाबांना म्हणाले, "काय रे, गप्प का? तुझ्या हातातून माइक काढून घ्यावा लागायचा, आता काय झालं?"

बाबांनी तोंड उघडलं, थांबले आणि माझ्याकडे बघितलं. मी सांगावं म्हणून.

या वेळी मी ओठ घट्ट मिटून बसले. काका अवघडून पंख्याकडे बघू लागले. बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "आता... हीच बोलते."

कितीतरी महिन्यांत मी त्यांना पुरं करू दिलेलं ते पहिलं वाक्य.