वंदनाची बाहुली

हे मी बायकोलाही कधी बोललो नाही. तुला सांगतोय — का, ते विचारू नकोस.

महापालिकेची निवडणूक होती. अंधेरीच्या एका स्टुडिओत आम्ही टीव्हीसाठी बाहुल्यांचा कार्यक्रम करायचो. पुढाऱ्यांच्या फोमच्या बाहुल्या, संवाद माझे. लोक म्हणायचे, केवढी हिंमत. कसली डोंबलाची हिंमत? एका बाहुलीचं पोट मोठं झालं, पुढाऱ्याच्या माणसाचा फोन — पोट कमी. दुसऱ्याच्या टोपीवरून फोन — टोपी गेली. शेवटी निर्माता वैतागला. "ज्याचा फोन येणार नाही असा कोणीतरी दे ना यार."

मी दिला. म्हणजे — दिली. वंदना.

वाकोल्याच्या चाळीत आमची दारं समोरासमोर. आता ती अपक्ष उभी होती, पाण्याच्या प्रश्नावर. लहानपणी ती शब्दाच्या सुरुवातीच्या 'प'वर अडखळायची. आधी 'आपलं' म्हटलं की 'पाणी' सुटायचं. ही युक्ती ठाऊक होती तिच्या भावाला, सुनीलला — आणि मला. भाषणात ती 'आपलं पाणी' म्हणायची, लोकांना ती घोषणाच वाटायची.

मी बाहुलीच्या तोंडी घातलं, "आपलं प-प-प..." का? दुसरा विनोद सुचत नव्हता, एवढंच. स्टुडिओ हसला. निर्माता म्हणाला, "झकास."

दुसऱ्या दिवशी तिच्या सभेत पोरं मागून 'प-प-प' करायला लागली. ती थांबली. पुन्हा प्रयत्न केला. 'आपलं' आलं, 'पाणी' आलंच नाही. माईक ठेवून ती खाली बसली.

इथवर तरी कोणी मला माफ करेल. पण पुढे —

तिचा फोन आला. चिडलेली नव्हती. "तुमच्या लोकांना हे कळलं कसं रे?"

"मी सुट्टीवर होतो गं," मी म्हणालो. "सुनीलकडून कळलं म्हणतात."

काय गरज होती त्याचं नाव घ्यायची? गप्प बसता आलं नसतं?

ती हरली. तशीही हरली असती — हे बघ, लागलो पळवाटा काढायला. सुनीलने आईची शपथ घेतली. तिने त्याच्याशी बोलणं टाकलं, ते कायमचं.

गेल्या मे महिन्यात तिच्या मुलीचं लग्न झालं. नवरीला बोहल्यावर मामा आणतो. सुनीलला बोलावणंच नव्हतं. वंदना माझ्याकडे आली, म्हणाली, "तू ये रे. भावासारखाच आहेस."

मी मुलीचा हात धरला आणि तिला बोहल्यावर घेऊन गेलो.