पाड्यावरच्या बोलीची वही

भादवा सरत आला होता. पिंपळनेर सोडून पश्चिमेला निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात निसवायला, लोंब्या बाहेर टाकायला लागलेला दिसे, आणि सकाळच्या गारव्यात दीपमालाची स्कूटी चढावर जरा कुरकुरे. चौदा किलोमीटरचा हा रस्ता ती अकरा वर्षं रोज करत होती. पाड्यावरची जिल्हा परिषदेची शाळा दोन खोल्यांची आणि दोन शिक्षकांची. पहिली-दुसरी दीपमालाकडे, आणि ज्येष्ठ म्हणून मुख्याध्यापकाचा कारभारही तिच्याकडेच. बदलीचा अर्ज तिने दोनदा भरला आणि दोनदा मागे घेतला. नवरा जीवन धुळ्याला नोकरीला, शनिवारी यायचा. तो म्हणायचा, तुला त्या पोरांनी बांधून ठेवलंय. हे ऐकायला तिला आवडायचं.

खोटंही नव्हतं ते. स्कूटीचा आवाज आला की पहिलीची पोरं फाटकापर्यंत धावत यायची. एक जण हेल्मेट घ्यायचा, एक जण डब्याची पिशवी. त्या सोमवारी मात्र तिने गाडी लावली, हेल्मेट काढलं, आणि कोणीच आलं नाही. सगळी पोरं व्हरांड्यात कामिनीभोवती होती. कामिनी उकिडवी बसून काहीतरी सांगत होती आणि पोरं पोट धरून हसत होती. दीपमालाने कान दिला. दहातले चार शब्द कळले. डब्याची पिशवी तिने स्वतःच आत नेली.

कामिनी चौरे जुलैत रुजू झाली होती, तिसरी-चौथीला. सव्वीस वर्षांची, याच पट्ट्यातली, कोकणा या आदिवासी समाजाची. पाड्यावर जी बोली बोलतात तीच तिच्या घरची. वागायला साधी. पहिल्याच आठवड्यात ती दीपमालाला ताई म्हणू लागली. तिच्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि दीपमालाने ती बरीच शोधली होती.

हे इतकं का लागावं, त्याला कारण एक वही होती.

दीपमाला धुळ्यात वाढलेली, घरी अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी. पाड्यावर पहिल्या दिवशी तिने पहिलीच्या वर्गाला ‘बसा’ म्हटलं आणि अर्धी पोरं उभी राहिली. त्या संध्याकाळी तिने पिंपळनेरच्या बाजारातून जाड पुठ्ठ्याची दोनशे पानी वही आणली. त्यात ती शब्द लिहू लागली. तहान, ताप, भीती, धाकटी बहीण, गळकं छप्पर, रुसणं. कोणाच्या अंगणात बसून, कोणाच्या लावणीच्या चिखलात उभं राहून, भिकुबाई नावाच्या म्हातारीला विड्या देऊन तिने एकेक शब्द काढून घेतला. अकरा वर्षांत सहाशे चाळीस झाले. केंद्रातल्या दुसऱ्या कुठल्याही शिक्षकाकडे असं काही नव्हतं. ती वही टेबलाच्या खणात असायची आणि तिथे ती आहे एवढ्यानेच दीपमालाला बरं वाटायचं.

आणि आता ही मुलगी आली, जिला हे सगळे शब्द आईच्या कडेवर बसून फुकट मिळाले होते.

एके दिवशी पहिलीतला पियुष सकाळपासून मुसमुसत होता. दीपमालाने त्याला त्याच्या बोलीत विचारलं, पोट दुखतंय का. त्याने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, कळेना. तिने ओवा चावायला दिला, डोक्यावरून हात फिरवला. पोरगा तिच्या हाताखालून निसटला आणि शेजारच्या खोलीत गेला. पाच मिनिटांनी कामिनी त्याला हाताला धरून घेऊन आली. ‘ताई, पोटबिट काही नाही. त्याच्या घरची शेळी मेली काल.’ एवढं सांगून ती परत गेली. पियुष जागेवर जाऊन बसला, शांत. त्याच्या तोंडात ओवा अजून तसाच होता.

काकड्यांचंही तसंच झालं. पावसाळा ओसरताना पाड्यावरच्या बाया वेलीच्या पहिल्या काकड्या आणि कोवळी कणसं शाळेत आणून देतात. दर वर्षी ती दीपमालाच्या टेबलावर यायची. यंदा पियुषची आई प्रमिलाबाई ओटीत काकड्या घेऊन आली आणि सरळ पलीकडच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसली. दोघींच्या गप्पा अर्धा तास चालल्या. मधल्या सुट्टीत कामिनीने निम्म्या काकड्या आणून दीपमालाच्या टेबलावर ठेवल्या. नसत्या ठेवल्या तरी चाललं असतं. दीपमालाने त्या घरी नेल्या आणि आईला सांगितलं, बाजारातून आणल्या.

त्यानंतरच्या आठवड्यात केंद्रप्रमुख अमृत सर शाळा बघायला आले. ते दीपमालाच्या वर्गात सात-आठ मिनिटं बसले, पटसंख्या विचारली, चहा घेतला. कामिनीच्या वर्गात तास बसले. तिथे ती आधी बोलीत गोष्ट सांगत होती, मग तीच मराठीत मुलांकडून काढून घेत होती. सरांनी मोबाइलवर त्याचं चित्रण केलं. जाताना दीपमालाला म्हणाले, नशीबवान आहात, अशी जोडीदार मिळाली. ती हसली.

दोन दिवसांनी दुपारी, पोरं खिचडी खात असताना, तिच्या मोबाइलवर सरांचा निरोप आला. अकरा तारखेला धुळ्याला जिल्ह्याची कार्यशाळा आहे, बोलीभाषेतून शिकवण्यावर. आपल्या केंद्रातून कामिनी चौरे यांचं नाव ठरलं आहे, मुख्याध्यापकांनी ते परवापर्यंत फॉर्ममध्ये भरावं. दीपमालाने फॉर्म उघडला. व्हरांड्याच्या टोकाला कामिनी ताट घेऊन पोरांच्या पंगतीत बसली होती. दीपमालाने नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव भरलं. मग सरांना लिहिलं, कामिनीला त्या दिवशी जमणार नाही, मी शब्दसंग्रह घेऊन जाते. सरांचा होकाराचा अंगठा आला. सगळ्याला मिळून चार मिनिटंही लागली नाहीत. त्या दुपारी तिने दुसरीला वजाबाकी शिकवली आणि एरवीपेक्षा चांगली शिकवली.

तिची आई द्रौपदाबाई तिच्याजवळच राहायची. वर्षावासाचे महिने चालू होते, संध्याकाळी बुद्धविहारात वाचन असायचं. म्हातारी पांढरं लुगडं नेसून जायची आणि आल्यावर भाकरी टाकता टाकता ऐकलेलं थोडं सांगायची. त्या संध्याकाळी दीपमालानेच बोलायला सुरुवात केली. आजकालच्या नव्या पोरींना कसं सगळं आयतं मिळतं, वरचे लोकही कसे नव्याला भुलतात, असं बरंच. फॉर्मचं सांगितलं नाही. आईने ऐकून घेतलं. मग तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, ‘तुले भटू गुरुजी याद शे का?’

दीपमालाला होते आठवत. एकोणीस वर्षांपूर्वी शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी तिची पहिली नेमणूक झाली, तेव्हाचे तिथले मुख्याध्यापक. त्यांनी पहिले दोन महिने तिला वर्गच दिला नव्हता. हजेरीपट लिहायला बसवायचे. कपाटाची किल्ली कमरेला.

‘तू रडत घर उनी व्हती,’ आई म्हणाली. ‘म्हने, गुरुजी माले खडू बी देतस नही.’

दीपमाला म्हणाली, त्यांचं इथे काय? आई म्हणाली, सहज आठवलं. तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली, आणि दीपमालाला त्या रात्रीचं जेवण गोड लागलं नाही.

अकरा तारखेला ती जांभळी साडी नेसून धुळ्याला गेली. सभागृहात दीडशे शिक्षक होते. तिची पाळी आली तेव्हा तिने वही वर धरली, पहिल्या दिवशीची ‘बसा’ची गोष्ट सांगितली, लोक हसले, मग टाळ्या वाजल्या. इतक्या टाळ्या तिच्यासाठी आयुष्यात वाजल्या नव्हत्या. व्यासपीठावरच्या अधिकारी बाईंनी वही हातात घेऊन चाळली. त्या म्हणाल्या, ‘हे छापून त्या भागातल्या सगळ्या शाळांना देऊ या. ही बोली ज्यांच्या घरची आहे, अशा कोणाकडून तपासून घेतली आहे ना?’

‘हो,’ दीपमाला म्हणाली.

‘मग त्यांचंही नाव घालून पंधरा दिवसांत पाठवा.’

परतीच्या एसटीत कुसुंबा मागे पडेपर्यंत ती खूश होती. पुढचं नेर गाव आलं तेव्हा तिला कळलं, आपण काय कबूल करून बसलो आहोत. शंभर शाळांत वही जाणार. एकही शब्द चुकीचा असला तर पहिलीची पोरंसुद्धा ओळखणार. आणि वाचून तपासू शकेल असं तिच्या ओळखीत एकच माणूस होतं.

चार दिवस तिने टाळलं. पाचव्या दिवशी शाळा सुटल्यावर वही कामिनीच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, जरा नजर घाल, काही चुकलं असेल तर पेन्सिलीने लिही. कामिनीने वही हातात घेतली, दोन पानं उलटली. तिचा चेहरा एकदम उजळला. एवढं सगळं तुम्ही लिहिलं, ती म्हणाली. दीपमालाला त्या क्षणी वही हिसकावून घ्यावीशी वाटली.

वही शुक्रवारी परत आली. एकेचाळीस शब्दांपुढे बारीक पेन्सिलीच्या खुणा होत्या. बाकीचे सहाशेच्या आसपास बरोबर होते, काही तर कामिनीलाही माहीत नसलेले जुने होते, तसं तिने कडेला लिहिलंही होतं. दीपमालाची नजर त्या एकेचाळिसांवरून फिरली आणि एका शब्दावर थांबली. रडणाऱ्या पोराला जवळ घेऊन ती तो शब्द रोज म्हणायची. भिकुबाईच्या तोंडून नातवासाठी ऐकलेला. वहीत अर्थ लिहिला होता, शहाणं बाळ. पेन्सिलीने लिहिलं होतं, शेंबडं.

‘अकरा वर्षं,’ दीपमाला म्हणाली. ‘कोणीच कसं सांगितलं नाही मला?’

कामिनीने प्रमिलाबाईला विचारलं होतं. बाई म्हणाली, मॅडम लाडाने म्हणतात, पोरांना कळतं ते. कशाला दुरुस्त करायचं. हे सांगताना कामिनी हसली नाही. ती हसली असती तर दीपमालाला तिच्यावर रागावता आलं असतं.

कामिनी खुर्चीवर बसली. वही बंद केली. आणि खाली बघत म्हणाली, ‘ताई, धुळ्यासाठी माझं नाव आलं होतं. शेजारच्या शाळेतल्या मॅडमनी सांगितलं.’

खोटं बोलायला जागा होती. नेट नव्हतं, निरोप उशिरा पाहिला, फॉर्म चुकला. दीपमालाच्या मनात तिन्ही येऊन गेली.

‘आलं होतं,’ ती म्हणाली. ‘मीच भरलं नाही. तुला जमणार नाही असं सरांना कळवलं.’

‘का?’

‘तुला जे येतं, ते मला अकरा वर्षं शिकून येत नाही म्हणून.’

कामिनीने वही दीपमालाकडे सरकवली. मग म्हणाली, ‘मला वाटलं, तुम्ही काहीतरी कारण सांगाल. मी ते खरं मानायचं ठरवून आले होते.’ तिने पर्स उचलली. ‘आता काय करू, ते मला कळत नाही.’ आणि ती गेली.

त्या शनिवारी दीपमालाने अमृत सरांना फोन करून खरं ते सांगितलं. सर फक्त ‘बरं’ म्हणाले, आणि त्यानंतर त्यांचं तिच्याशी बोलणं कामापुरतं झालं. वहीची प्रत तिने दोघींच्या नावांनी पाठवली. एकेचाळीस दुरुस्त्या तशाच घेतल्या. कामिनी रोज यायची, नमस्कार करायची, आपला वर्ग बघायची. ताई म्हणणं बंद झालं. तिच्या खोलीतून हसू ऐकू आलं की दीपमालाला ते पूर्वीसारखंच लागायचं. चूक कबूल केली म्हणून त्यात कमी काही झालं नव्हतं.

आश्विनातल्या एका दुपारी तिने पहिलीचा हजेरीपट उचलला आणि शेजारच्या खोलीत गेली. म्हणाली, दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिली-दुसरी तू घे, मी तिसरी-चौथी घेते. घरून नुकत्याच आलेल्या पोरांना आधी आपली भाषा बोलणारं माणूस हवं. हे तिला जुलैतच कळलं होतं. म्हणायला तीन महिने लागले.

कामिनीने तिच्याकडे नीट पाहिलं. ‘तुम्हाला वाईट वाटेल.’

‘वाटेल,’ दीपमाला म्हणाली. ‘पण पोरांना बरं पडेल.’

कामिनीने हजेरीपट घेतला. मग विचारलं की पहिलीत कोण कोण घाबरट आहे, कोणाला कोणाशेजारी बसवायचं. दीपमालाने खुर्ची ओढली. तिला एकेका पोराचं माहीत होतं. कोणाची आजी सांभाळते, कोणाला डावा हात चालतो, कोण सोमवारी हमखास गैरहजर असतो कारण बाप बाजाराला नेतो. सांगता सांगता साडेपाच वाजून गेले. कामिनी लिहून घेत होती.

बाहेर आल्यावर दीपमालाने विचारलं, पिंपळनेरपर्यंत सोडू का. कामिनी म्हणाली, जीप येईलच. दीपमाला बरं म्हणाली. पण तिने गाडी सुरू केली नाही. दोघी रस्त्याच्या कडेला, थोडं अंतर ठेवून, जीप येईपर्यंत उभ्या राहिल्या.