कौंडण्यपूर कोणत्या नदीवर?

वरातीत हमखास वाजणारं एक गाणं आहे. त्यात कौंडण्यपूर पूर्णेच्या काठी वसलेलं आहे. लिहिणाऱ्यानं नकाशा उघडायचेही कष्ट घेतले नाहीत. पूर्णा तिकडे अकोल्याकडे, आणि कौंडण्यपूर आमच्या वर्धेवर. गाडीत ती ओळ आली की बाबा भडकायचे. "अबे, कावून खोटं बोलून राहिला? कवा आलता तू इकडं?" असं ते स्पीकरलाच विचारायचे. माझीही तळपायाची आग मस्तकात जाते. हा राग त्यांचाच.

परवा त्यांना घेऊन आर्वीला निघाले होते. कौंडण्यपूर मागे पडलं आणि नेमकं तेच गाणं लागलं. ओळ आली, गेली. बाबा गुडघ्यावर ताल धरून बसले होते.

चष्मा विसरणं, माणसांची नावं विसरणं मी आजवर वयावर ढकललं होतं. मी गाणं मागे घेतलं, आवाज वाढवला. ओळ पुन्हा आली. ताल तसाच.

"बाबा, आयकलं का? पूर्णा म्हनते तो!" मी जवळजवळ ओरडलेच. पुलावरच गाडी कडेला घेतली. चिडा ना, एकदा चिडा, असं मनात चाललं होतं.

त्यांनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं.

"मंग कोन्ती हाय?"

पुलाखालून वर्धा वाहत होती. याच पाण्यात माझ्या हनुवटीखाली हात धरून त्यांनी मला पोहायला शिकवलं होतं.