नाझरकाकांची भुतं

नाझरकाका भुताखेतांची कॉमिक्स वाचत, आणि तीही हातात लाल-निळी पेन्सिल घेऊन. साठी उलटलेला, पांढऱ्या शुभ्र पायजम्यातला माणूस सकाळी आठ वाजता ओट्यावर बसून, पुस्तकाचं मुखपृष्ठ रस्त्याकडे करून, कवटीतून उगवणाऱ्या चेटकिणीची गोष्ट वाचतो आहे, याची आमच्या गल्लीला सवय झाली होती. नव्या माणसाची सायकल मात्र तिथे हळू व्हायची. गोष्टीत चूक सापडली की काका समासात बारीक अक्षरात शेरा मारत. 'पान सहावर भूत भिंतीतून आरपार गेले. पान अकरावर त्याच भिंतीला टेकून उभे आहे. खुलासा नाही.'

त्यांची सगळी नोकरी कोर्टात गेली होती. समन्स, दप्तर, जप्तीचे हुकूम हे सगळं सांभाळणारा तो नाझर. दारव्ह्यात त्यांना नावाने कोणी ओळखत नसे. एकदा एका वकिलाने ओट्याशी थांबून विचारलं, "नाझरसाहेब, या वयात हे काय वाचता?" काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "तीस वर्षं माणसायचे खोटे बयान वाचले वकीलसाहेब. आता भुतायचे वाचून राह्यलो. इथं शेवटच्या पानावर खरं काय ते समजते तरी."

आमचं घर त्यांच्या भिंतीला लागून. बाबांचं शेत नेरच्या रस्त्याला होतं, कापूस आणि तूर. आमच्या घरात पुस्तक म्हणजे पंचांग आणि माझी शाळेची पुस्तकं. त्यामुळे काकांच्या पलंगाखालची पत्र्याची पेटी पहिल्यांदा उघडली तेव्हा मी किती तरी वेळ नुसती बघत राहिले. विहिरीच्या तळाशी असलेलं राज्य, पंख फुटलेला घोडा, डोळ्यांतून जाळ सोडणारा नाग, सात दारांचा किल्ला. पुस्तकं हिंदीत होती. हात धुऊन यायचं, बोटाला थुंकी लावून पान उलटायचं नाही, एवढ्या दोन अटी. कधी काका स्वतः वाचून दाखवत. तेव्हा राजकुमार छापल्याप्रमाणे शुद्ध हिंदीत बोलायचा आणि राक्षस मात्र वऱ्हाडीत. हजार वर्षांनी जागा झालेला राक्षस जांभई देत म्हणायचा, "काहून रे बाप्पा, मले कायले उठवलं?" आम्ही गल्लीतल्या मुली हसून लोळायचो, आणि पुढच्याच पानावर त्याने हात पुढे केला की एकमेकींना घट्ट धरायचो.

मी एकदा विचारलं होतं, "काका, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते ना! म्हणून तर वाचतो. हा पोट्टा पाहा, याचे पाय लटलट कापून राह्यले आणि तरी किल्ल्यात चालला. न भिणाऱ्याची गोष्ट कोण वाचते?"

प्रत्येक पुस्तकाची ते जाड रजिस्टरात नोंद करत; एक भरून दुसरं सुरू झालं होतं. भुताचा प्रकार, उपद्रवाचं कारण, मागणी काय, निकाल काय. काकू म्हणायच्या, "कोर्ट सुटलं, पण यांचं दप्तर काही सुटलं नाही."

मी सातवीत असताना शाळेच्या प्रार्थनेत उभ्या-उभ्या पडले. शुद्धीवर आले तेव्हा तोंडाला फेस होता, जीभ चावली गेली होती आणि मैत्रिणी लांब उभ्या होत्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच झालं, या वेळी घरात, कापसाच्या ढिगाजवळ. मग गल्लीत कुजबुज सुरू झाली. पोरीला बाहेरचं झालं. आणि बाहेरचं आलं कुठून, हे शोधायला कोणाला लांब जावं लागलं नाही. नाझरकाकांच्या पेटीतून.

आईने मला त्यांच्या ओट्यावर पाय ठेवायला बंदी केली. मग इतर घरांनीही आपापली मुलं आवरली. काका सकाळी ओट्यावर बसायचेच, पण हातात काही नसायचं. मी खिडकीतून पाहायची. ते एकदाच आमच्या घराकडे बघत आणि मान खाली घालत. महिनाभर त्यांनी एक पान उघडलं नाही, हे काकूंनी मला पुढे सांगितलं.

तिसऱ्यांदा झटका आला तेव्हा बाबांनी ठरवलं. दूर एका गावी कोणी मांत्रिक बाबा होता. तो मिरच्यांची धुरी देऊन, निंबाच्या फोकांनी झोडपून भूत काढतो म्हणत. सकाळी जीप दाराशी आली. आई माझी वेणी घालत होती. तेवढ्यात काका आत आले. काखेत दोन्ही रजिस्टरं. कोणी 'बसा' म्हटलं नाही, तरी ते चटईवर बसले.

"भाऊसाहेब, जाच तुम्ही. मी अडवत नाही," ते बाबांना म्हणाले. "पण दहा मिनिटं मले द्या. या गावात भुतायचा माझ्याइतका अभ्यास कोणाचा नाही, हे तर मान्य आहे?"

बाबांनी ड्रायव्हरला थांबायची खूण केली. काकांनी चष्मा लावला, पेन्सिल काढली आणि आईकडे वळले.

"वहिनी, पोरगी पडते तवा काही बोलते का?"

"नाही."

"कोणाचं नाव घेते? कोंबडं, लुगडं, काही मागते?"

"नाही. दात आवळते नुसते."

"उठल्यावर?"

"झोपते. तिले काही आठवतच नाही."

काकांनी एक रजिस्टर उघडलं, दुसरं उघडलं, पानं चाळली. मग रजिस्टर आईसमोर फिरवून त्यांनी मागणीच्या रकान्यावर बोट ठेवलं. "हे पाहा. चारशेच्या वर भुतं आहेत इथं. कोणाले बदला पाहिजे, कोणाले मुक्ती, कोणाले पोरगी. मागणी नाही असं एकही नाही. भूत म्हणजे अर्जदार असते वहिनी. काही मागायचंच नाही तर ते येईल कायले? हे भूत नाही. ही मिरगी आहे. हिच्यावर गोळ्या असतात."

"आणि असलं तर?" आई रडतच म्हणाली.

"तर मी कुठं पळून चाललो? आज यवतमाळला डॉक्टरकडे चला. गोळ्यांनी गुण नाही आला, तर मी स्वतः तुमच्यासंगं त्या बाबाकडे येतो. पहिला फोक माझ्या पाठीवर."

बाबा उठले. मग बाहेर जाऊन ड्रायव्हरला म्हणाले, "यवतमाळला घे."

डॉक्टरांनी डोक्याला तारा लावून तपासणी केली, कागदावरच्या वाकड्यातिकड्या रेघा बाबांना दाखवल्या, गोळ्या लिहून दिल्या. एकही दिवस चुकवायची नाही, असं मला दोनदा बजावलं. आम्ही उठलो. काका उठले नाहीत.

"डॉक्टरसाहेब, एक विचारायचं होतं." त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "ही माझ्याकडची भुतायची पुस्तकं वाचते. त्याच्यानं तर नाही ना झालं हे?"

डॉक्टर म्हणाले, "नाही हो. पुस्तकांनी मिरगी होत नाही."

काकांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसायला लागले. पुसतच राहिले. आमच्या घरात इतक्या खात्रीने बोललेला हा माणूस महिनाभर स्वतःलाच गुन्हेगार समजत होता, हे मला त्या खुर्चीमागे उभं असताना समजलं. आईलाही समजलं असावं. जीपमध्ये तिने सोबत आणलेल्या डब्यातली पहिली पोळी त्यांना दिली.

नंतर एकदाच झटका आला, तोही हलका. पाच वर्षं गोळ्या घेतल्या, मग डॉक्टरांनीच हळूहळू बंद केल्या. मी औषधनिर्माणाचा अभ्यास केला, लग्न होऊन नेरला आले, आज माझं स्वतःचं मेडिकल आहे. माहेरी गेले की आधी काकांकडे जायची. आभार मानायचे राहिले. मानायला गेले असते तर त्यांनी विषय बदलला असता, हेही खरं.

ते गेले तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तेराव्या दिवशी तेरवीला गेले. काकूंजवळ एक अनोळखी बाई बसली होती. माझ्याच वयाची, हातात बांगड्या कोपरापर्यंत, सोबत कॉलेजातली मुलगी. दारव्ह्याजवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आली होती. मी विचारलं, काकांची तुमची ओळख कशी?

"ही झाली तवा मी बाळंतीण होती," तिने मुलीकडे बोट केलं. "दीड महिना तोंडातून शब्द नाही. पोरीले जवळ घेत नव्हती. मले चुडैल लागली म्हणून सासूनं खोलीत कोंडलं होतं. कोणी तरी या बाबूजीले बोलावून आणलं. भुताचा जाणकार हाय म्हणे. वह्या घेऊन आले, सासूले काय काय विचारलं, अन् मले यवतमाळच्या दवाखान्यात नेलं."

मी काकूंकडे पाहिलं. "अगं, तुझ्यानंतर लोक बोलवायलाच लागले ना," त्या म्हणाल्या. "पार लांब त्या ढाणकी गावापर्यंत जाऊन आले एकदा. सांगायचे नाहीत कोणाला. लोकांच्या घरची गोष्ट, म्हणायचे."

क्षणभर, खरं सांगते, मला थोडं वाईटच वाटलं. इतकी वर्षं मी समजत होते की ती सकाळ एकट्या माझीच होती. मग त्या मुलीने पाण्याचे पेले मांडायला घेतले, आणि ती वाकली तसे तिच्या आईचे डोळे तिच्या मागोमाग फिरत राहिले. माझ्यातलं ते वाईट वाटणं कुठल्या कुठे गेलं.

पंगत बसली. मी त्या बाईच्या शेजारची जागा धरली. पहिला घास घेण्याआधी आम्ही दोघी काकांच्या रिकाम्या ओट्याकडे बघत जरा थांबलो, आणि मग जेवलो.