दोन खिडक्यांचे काका

काकांनी माऊसला हात लावलेला मी तीन वर्षांत एकदाही पाहिला नाही. तो टेबलाच्या कोपऱ्यात उलटा पडलेला असे. त्यांच्या स्क्रीनवर सदैव दोन खिडक्या उघड्या; डावीकडे एक फोल्डर, उजवीकडे दुसरा. आम्ही एकेक फाइल ओढत बसायचो. काका एक बटण दाबायचे आणि हजारभर फाइली नवी नावं घेऊन आपापल्या जागी जाऊन बसायच्या. म्हणून ते आमच्यासाठी दोन खिडक्यांचे काका.

यवतमाळात एका कंत्राटदाराचं स्कॅनिंग केंद्र होतं. जिल्ह्यातल्या शाळांची जुनी दाखल-खारीज रजिस्टरं तिथे यायची. जातपडताळणीसाठी लोकांना आजोबा-पणजोबांची शाळेतली नोंद लागते. ती सापडावी म्हणून हे काम निघालं होतं. स्कॅनर प्रत्येक पानाला नुसता आकडा द्यायचा. त्याचं तालुका, शाळा, वर्ष, पान असं नाव करायचं काम आम्हा पाच जणांचं. मी बाभुळगावहून रोज एसटीने जायचे. काका दिग्रसचे, आठवडाभर यवतमाळात खोली करून राहायचे आणि शनिवारी बहिणीकडे जायचे. लग्न केलेलं नव्हतं.

ज्या प्रोग्राममध्ये फाइली बघायच्या, त्यातच आपले हुकूम लिहून ठेवता येतात, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. काकांनी ते स्वतःच शोधलं होतं. आधी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहायचे, मग टाइप करायचे. त्या हुकमांच्या याद्यांमध्ये, म्हणजे स्क्रिप्टांमध्ये, मधेमधे मराठीत सूचना असत. एकीत होतं, ‘कोरं पान वेगळं काढ, फेकू नको. मास्तर लोक मागच्या पानावर बरंच लिहून ठेवतात.’ दुसरीत, ‘ही ओळ काढू नये. कारण विसरलो आहे.’

एकदा घाटंजीकडच्या एका पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, एक गृहस्थ आले. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, जातीचा दाखला अडला होता. आडनाव मास्तरांनी तीन वह्यांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं. काकांनी अशा आडनावांची यादीच करून ठेवली होती. त्यांच्या स्क्रिप्टने तिन्ही तऱ्हा धुंडाळल्या आणि चहा येण्याआधी पान समोर आलं. त्या माणसाने आजोबांच्या नावावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही. काका त्या दिवशी डबा खायला विसरले.

मला ते जवळ बसवून शिकवायचे. म्हणायचे, “पाह्य पोरी, मशीन ऐकते, पण समजत नाई. तू चुकीचं सांगशीन तं तेही मन लावून करते.” एका बटणाबद्दल मात्र ते कडक होते; दाबण्याआधी डावं-उजवं दोनदा पाहायला लावायचे. ते बटण डावीकडचं सगळं उजवीकडे जसंच्या तसं करायचं आणि उजवीकडे जे जास्तीचं असेल ते पुसून टाकायचं. रोजचं काम साठवणीच्या डिस्कवर नेण्यासाठी ते होतं. दर वेळी ‘खरंच पुसू का?’ विचारणारी चौकट काकांनी बंद करून टाकली होती. “किती डाव ‘हो’ म्हणू?” असं त्यांचं म्हणणं.

गेल्या वर्षी ती डिस्क बिघडली. काकांनी दुसरी मागितली होती, दोन वेळा अर्जही दिला होता. अखेर नवी कोरी डिस्क आली, तेव्हा काका डोळे तपासायला दवाखान्यात गेले होते. परत येईपर्यंत त्यांचं काम करून ठेवावं असं माझ्या मनात आलं. मी दोन्ही खिडक्या उघडल्या आणि बटण दाबलं.

कोरी डिस्क डावीकडे होती.

उजवीकडच्या फाइली दिसेनाशा होत होत्या आणि मला वाटलं, त्या डिस्कवर चालल्या आहेत. मी निर्धास्तपणे पाहत बसले. थांबवता आलं असतं, पण कळलं तेव्हा दोन्ही खिडक्या कोऱ्या होत्या.

काका आले, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. तीन दिवस ते फाइली परत मिळवायला झटत होते. काही आल्या, पण नावाशिवाय. पुष्कळशा अर्ध्या, वर चार ओळी अक्षर आणि खाली नुसता करडा रंग. बऱ्याच शाळांची रजिस्टरं पुन्हा मागवता आली. बंद पडलेल्या नऊ शाळांची मात्र नाही. ती पानं वाळवीने खाल्लेली होती. स्कॅन करतानाच हातात तुटली होती.

कंत्राटदाराचा माणूस चौकशीला आला. मी उठून उभी राहिले. काका मला म्हणाले, “तू बस.” मग त्याच्याकडे वळून म्हणाले, “बटन मी बनवलं. पुसाच्या आधी विचारणं मीच बंद केलं. माझीच चूक हाय.” मी बसले. बसणं मला सोपं गेलं, हे आज लिहायला हवं.

काकांना काढलं. त्यांच्या खुर्चीवर मला बसवलं, कारण त्यांच्या स्क्रिप्टा चालवता येणारी मीच उरले होते. त्या नऊ गावांचं कोणी आलं की मी ‘नोंद उपलब्ध नाही’ असं छापून देते. लोक कागद घडी करून खिशात ठेवतात आणि विचारतात, “मंग आता कोठी जाऊ?”

दिवाळीनंतर मी दिग्रसला गेले. काका ओसरीवर बसले होते. दाढी वाढलेली, घरात कॉम्प्युटर नाही. मी म्हटलं, “काका, मी खरं सांगून टाकते.”

“सांगून पानं येतीन काय?” ते म्हणाले. मग म्हणाले, “मी झोपलो का ते नऊ शाळांचे नावं तोंडात येतात. मले आता दुसरं काई आठवतच नाई.”

उन्हाळ्यात ते गेले. खाणंपिणंच सोडलं होतं म्हणतात. मी तेरवीला गेले तेव्हा त्यांची बहीण माझ्याजवळ येऊन बसली. “तुमच्या हापिसात यानं काय केलं होतं वो? लोक म्हणतात, कोणाचे खोटे दाखले दडवाले यानं कागद पुसले. मी इचारलं तं बोलेच नाई. तुमाले तं माईत असन.”

मी म्हणाले, “नाही आत्या, मला नाही माहीत.”

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि जेवून जायला सांगितलं. मी जेवले. त्यांना वाचता येत नाही. म्हणूनच मी हे लिहू शकले.