अर्ध्या गोधडीचा घास

जेवणं उरकल्यावर मी गोधडी पलंगावर पसरते, सुईत लाल दोरा ओवते आणि पहिला टाका घालण्याऐवजी गोधडीवरच आडवी होते. थोडी पाठ टेकावी, इतकंच. बाहेरच्या खोलीत दिगंबर तोंडावर वर्तमानपत्र पांघरून झोपलेत. त्यांच्या श्वासाबरोबर कागद उचलला जातो, खाली बसतो. नवऱ्याच्या झोपेचा हा आवाज मी इतकी वर्षं ऐकते आहे की तो सुरू झाला की माझेही डोळे जड होतात. माझा गाल जुन्या सुती कापडावर टेकलेला आहे. कापडाला ट्रंकेतल्या कडुनिंबाच्या पाल्याचा वास येतो.

गोधडी माझी नाही, माझ्या थोरल्या नणंदेची आहे. प्रमिलावन्सं पलीकडच्या गल्लीत राहायच्या. त्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या, मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेतून. मग दुपार कशी काढायची हा प्रश्न आम्ही दोघींनी गोधड्या शिवून सोडवला. गरज कुणालाच नव्हती. बाजारात मऊ ब्लँकेटं मिळतातच. तरी याच पलंगावर समोरासमोर बसून आम्ही एकाच गोधडीला दोन बाजूंनी टाके घालायचो. ही मात्र वन्संनी एकटीने करायची ठरवली होती. लेकीसाठी. श्रावणात वन्सं गेल्या तेव्हा ती अर्धी झाली होती.

ती लेक, ऋजुता, आज संध्याकाळी येते आहे. बाळंतपणाला. आईच्या घराला कुलूप आहे म्हणून मामीकडे. फोनवर म्हणाली, "मामी, आईची गोधडी पुरी करशील? मला तिच्यातच झोपायचंय."

मी हो म्हणाले, आणि तेव्हापासून सुई हातात घेते नि ठेवते.

कारण वन्संची शिवण वाकडी आहे. आमच्याकडे गोधडी काठापासून आत शिवत जातात, चौकोनात चौकोन, मध्यापर्यंत. वन्सं बोलता बोलता मान वर करायच्या, की ओळ घसरायची. टाके कुठे लांब, कुठे आखूड. माझे टाके मुंगीएवढे, सगळे सारखे. त्यांची ओळ उसवून सरळ करावी तर त्यांचा हात त्यातून जाईल. तशीच ठेवून पुढे माझे टाके घालावेत तर वन्सं नेमक्या कुठे संपल्या ते कुणालाही बोट ठेवून दाखवता येईल. ऋजुताला ते रोज रात्री पांघरताना दिसेल.

आणि घास राहिलाय. ही सासरच्या बायकांची रीत. गोधडी पुरी होत आली की मधोमध तळहाताएवढं ठिगळ लावायचं आणि ते बंद करण्याआधी त्याच्याखाली ज्वारीचे चार दाणे ठेवायचे. त्याला घास म्हणायचं. उपाशी गोधडीत ऊब येत नाही, असं वन्सं सांगायच्या. मी म्हणायचे, किडे होतात.

वन्संची गोधडी मध्यापर्यंत पोचलीच नाही.

कागद उचलला जातो. खाली बसतो. उचलला जातो, आणि या वेळी खाली बसत नाही.

"पाय घे गं वर. माझ्या काठावर पाय ठेवलायस."

मी पाय घेते. वन्सं पलंगाच्या त्या टोकाला बसलेल्या आहेत, एक गुडघा वर, चष्मा कपाळावर. आजारपणाच्या आधीच्या आहेत. मनगटं भरलेली, बांगड्या घट्ट बसलेल्या.

"वन्सं, तुम्ही जेवलात?"

हाच प्रश्न माझ्या तोंडून येतो. दुसरे पुष्कळ आहेत, पण हा आधी येतो.

"जेवले की. तुझ्यासारखं मोजूनमापून नाही. आणि आमटीला फोडणी कमी पडलीय हां आज."

"तुम्हाला कसं कळलं?"

"वास आला नाही, म्हणजे कळलंच."

त्या सुई माझ्यापुढे धरतात. "हे ओवून दे. तिकडे सगळं आहे, चष्म्याचा नंबर मात्र कुणी तपासत नाही."

मी दोरा ओवते. तो सरकत राहतो, त्याचं दुसरं टोक येत नाही. मान वळवून बघते तर दोरा पलंगावरून खाली उतरून फरशीवरून लांब गेलेला आहे, आणि ती फरशी आमच्या घरची नाही. सांगलीच्या एसटी स्टँडची आहे. गोधडी फलाटभर पसरली आहे. गाड्या तिच्या काठाकाठाने सावकाश वळसा घालतात, कुणीही तिच्यावर चाक घालत नाही. ध्वनिक्षेपकावरून एक बाई गावांची नावं सांगते आहे, पण ती नावं कापडांची आहेत: इरकल, खण, ऋजुताचं झबलं, दिगूची लुंगी.

"कुठली गाडी आहे तुमची?" मी विचारते.

"लागलीय. जाऊ दे तिला. दुसरी येते." वन्सं गुडघ्यावर गोधडी ओढून घेतात. "ही ओळ उसवणार आहेस म्हणे."

"कोण म्हणालं?"

"कात्री उशाखाली घेऊन झोपलीयस, अजून कुणी म्हणायला हवं?"

"वाकडी आहे, वन्सं."

"असू दे की. सरळ शिवायला काय, मशीनही शिवतं." त्या एका वळणावर बोट ठेवतात. "हे बघ. दिगूने चहात साखर म्हणून मीठ घातलं, तो दिवस. माझा घोट बाहेर आला आणि तू काही न बोलता अर्धा कप प्यायलीस."

"मला वाटलं, नळाच्या पाण्यात क्षार वाढलेत."

वन्सं हसतात. हसताना त्यांचे खांदे हलतात, खांद्यांबरोबर सुई हलते, आणि माझ्या डोळ्यांदेखत ओळ आणखी जराशी घसरते. त्यांचं तिकडे लक्षही नाही.

"आणि हे?" मी दुसरं वळण दाखवते. ते मोठं आहे, खाली उतरून परत वर आलेलं.

"ते ऋजूचा फोन आला तेव्हाचं. दिवस गेलेत म्हणाली." त्या वळणावरून अंगठा फिरवतात. "तिला कळू दिलं नाही मी रडतेय ते. सुई चालू ठेवली."

त्यांच्या मागून कुणी तरी काचेची बाटली ठेवल्याचा आवाज येतो, आणि आम्ही माझ्या प्रयोगशाळेत आहोत. ओट्यावर बाटल्यांची रांग आहे, गावोगावच्या विहिरींचं पाणी, आणि प्रत्येक बाटलीत एकेक चिंधी तरंगते आहे. खिडकीतून ऊन येतं ते पाण्यातून गाळून आल्यासारखं. गोधडी ओट्यावर पसरलेली आहे आणि तिच्या खालून बर्नरची मंद निळी ज्योत दिसते, पण कापड जळत नाही, नुसतं गरम होतं. वन्सं माझ्या जुन्या उंच स्टुलावर बसल्यात. पाय जमिनीला पुरत नाहीत. शाळेतल्या मुलासारखे ते हलवतात.

"इथे तू दिवसभर काय बघायचीस गं, सायंटिस्ट?"

"पाण्यात काय काय आहे ते."

"आणि सापडायचं?"

"बहुतेक वेळा सापडायचं."

"मग मला सांग, माझी गोधडी उपाशी आहे असं कुठल्या भिंगातून बघितलंस तू?"

मी ओट्यावरच्या गोधडीच्या मध्यावर बोट ठेवते.

"अर्धी राहिली, वन्सं," मी म्हणते. "घास मध्यावर घालायचा असतो. तुम्ही मध्यापर्यंत आलाच नाहीत."

"होय की. नाही आले."

"ऋजूला काय सांगू मी?"

"तिला आमटी वाढ. चांगली फोडणी घालून." मग त्या स्टुलावरून उतरतात. अंगुस्तान बोटात आहे, पितळेचं, टोकाला खळगे पडलेलं. त्या माझ्याजवळ येतात. त्यांच्या पदराला खोबरेल आणि खडूचा वास आहे, शाळा सुटून इतकी वर्षं झाली तरी. "मध्य कुठे असतो ते आधी माहीत असतं होय कुणाला? हात जिथे थांबणार असं वाटलं, तिथे मी मध्य धरला."

"म्हणजे?"

"म्हणजे बघ की नीट. आणि किड्यांचं म्हणशील, तर शेकवून घातलेत. दिगूच्या बायकोची बोलणी कोण खाणार वर जाऊन!"

त्या अंगुस्तानाचं टोक माझ्या गालावर ठेवतात. कानाजवळ. जोरात नाही, पण टोचेल असं.

"इथे," त्या म्हणतात.

स्टुलावर कुणी नाही. बाटल्यांमधलं पाणी हलतं आहे. कुठे तरी लांब एक गाडी मागे घेताना शिट्टी वाजते, थांबते, वाजते, आणि मग तो आमच्या कुकरच्या शिट्टीचा आवाज असतो, आणि मग शेजारणीच्या.

मी डोळे उघडते. ऊन खिडकीच्या गजांवर तिरपं आलंय. दिगंबर बाहेर जांभई देतात. माझा गाल गोधडीवर दाबला गेलाय आणि कानाजवळ टोचतंय.

उठून आरशापुढे उभी राहते. गालावर वन्संचे टाके उमटलेत, एक लांब, एक आखूड, खाली घसरत गेलेली ओळ. ओळ संपते तिथे, कानाच्या जरा पुढे, चार गोल खळगे आहेत. लालसर. बोट लावलं तर दुखतं.

टाक्यांचे खळगे असे गोल नसतात.

मी पलंगाशी परत येते आणि गाल टेकला होता ती जागा शोधते. वन्संची ओळ थांबते त्याच्या लगेच पुढे एक हिरवं ठिगळ आहे, तळहाताएवढं. ट्रंकेतून गोधडी काढताना मी ते पाहिलं होतं. कापड फाटलं असेल म्हणून लावलं असेल, असं समजले होते. आता त्यावर बोटं फिरवते. खाली कडक काही तरी आहे. बोटाखाली सरकतं, थांबतं. एक. मग त्याच्या शेजारी आणखी.

ज्वारी.

मी ठिगळ उसवत नाही. दाणे शेकवलेले आहेत की नाहीत हे बघायला ते उसवावं लागेल, आणि ते मी करणार नाही. कार्यकारणभाव मला कळतो. गालाला दाणे टोचले आणि झोपेतल्या मनाने त्या टोचण्याभोवती एक बाई उभी केली. तसंच झालं असेल. पण दाणे मी ठेवले नव्हते. ते श्रावणाच्या आधी कधी तरी, सुईत दोरा जाईना तेव्हा, वन्संनी स्वतः ठेवले होते. मध्यावर नाही, जिथे हात पोचला तिथे. त्यांनी आपल्या गोधडीला जेवू घालून मगच खाली ठेवली होती. उरलेलं कुणाकडे जाणार हे त्यांना ठाऊक होतं.

मी पलंगावर बसते, पाय काठावरून वर घेते. सकाळपासून मी वन्संच्या ओळीला जोडून माझी ओळ कशी चालवायची याचा विचार करत होते. आता तसं करत नाही. हिरव्या ठिगळाच्या कडेला सुई घालते आणि त्याच्याभोवतीच फिरायला लागते, त्यालाच मध्य धरून. बाहेरून आत वन्संच्या ओळी, आतून बाहेर माझ्या. कुठे तरी त्या एकमेकींना भेटतील. संध्याकाळपर्यंत सगळी होणार नाही. ऋजुता आली की तीही समोर बसेल. तिचे टाके कसे पडतात ते मला अजून माहीत नाही.

"नलिनी," बाहेरून दिगंबर विचारतात, "चहा टाकू का? ऋजू यायच्या आधी घेऊ घोटभर."

"टाका. साखर मात्र मी घालेन."

"एकदा चूक झाली माणसाची, तर तुम्ही दोघी जन्मभर..."

ते वाक्य पुरं करत नाहीत. दोघी म्हणून गेलेत, आणि ते आता त्यांना ऐकू आलंय. स्वयंपाकघरात भांडं ओट्यावर जरा जोरात ठेवल्याचा आवाज होतो. मग, हळूच, बरणीची दोन झाकणं उघडल्याचा. साखर कुठली आणि मीठ कुठलं, ते चाखून बघताहेत.

मला हसू येतं. खांदे हलतात. सुई सरकते, आणि माझा टाका, मुंगीएवढा असायचा तो, लांब पडून खाली उतरतो. मी त्याच्याकडे बघते. मग पुढचा घालते.

गालावरचे खळगे अजून दुखताहेत.